पुसणारी पाटी

हल्ली नवी मोटार घेतली की पुढच्या काचेला कॅमेरा लावून घेण्याची पद्धत पडली आहे. चौकात कोणी येऊन धडकले आणि वर चूक आपलीच ठरवू लागले, तर आपल्या बाजूने बोलणारे कोणीतरी असावे, हा विचार रास्तच आहे. पण कॅमेऱ्यासाठी आठ-दहा हजार मोजणारा गृहस्थ मेमरी कार्डापाशी आला की हात आखडता घेतो. मुलाच्या जुन्या मोबाईलमधले कार्ड काढून त्यात सरकवतो. साक्ष ज्याच्यावर उमटायची, तिथेच काटकसर!

मोबाईलच्या कार्डावर लग्नाचे फोटो एकदा चढतात आणि वर्षानुवर्षे पडून राहतात. मोटारीतले कार्ड मात्र शाळेतल्या पाटीसारखे. कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबाइट लिहितो असे धरा; तासाला सात जीबी झाले. ६४ जीबीचे कार्ड नऊएक तासांत भरते, की सर्वांत जुने पुसून त्यावर नवे लिहिणे सुरू. या कार्डातले कप्पे ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतात. त्यात बंद काचांची, मे महिन्याच्या उन्हात उभी गाडी! म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' असे छापलेलेच, नावाजलेल्या कंपनीचे कार्ड घ्यावे. साध्या कार्डाच्या हमीतून अनेक कंपन्या असा सततचा वापर वगळतात. ती बारीक अक्षरे वाचण्याची सवय आम्हा बँकवाल्यांना जडलेली असते, इतरांनीही लावून घ्यावी. 'व्ही ३०' ही खूण म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची ग्वाही. तेवढा वेग पुरतो. क्षमता कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सांगितली असेल तेवढीच. फुटपाथवरचे स्वस्त २५६ जीबी आतून ३२चेही निघते.

महिन्यातून एकदा, हवे ते उतरवून घेऊन, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. धक्का बसला की कॅमेरा तेवढा तुकडा न पुसण्यासाठी राखून ठेवतो. आपल्या रस्त्यांवर खड्डाही त्याला अपघातच वाटतो, आणि अशा राखीव तुकड्यांनी कार्ड भरत जाते. कालचे चित्रण अधूनमधून लावून पाहावे, तारीख-वेळ तपासावी. आतले कार्ड निकामी झाले तरी बाहेरचा दिवा कधीकधी लुकलुकतच असतो.

अपघात झालाच, तर कॅमेरा बंद करून कार्ड काढावे आणि ते पुन्हा वापरू नये. जालन्याच्या २०१४ सालच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले, की मूळ उपकरणच हजर केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. नुसती प्रत दिली तर ते अनिवार्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३मध्ये प्रमाणपत्राची अट आहे. मोबाईलवर फिरवलेल्या चित्रफितीवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एक जादा कार्ड आणि एक कोरे पाकीट गाडीच्या खणात असू द्यावे. काढलेल्या कार्डाच्या पाकिटावर तारीख, वेळ, ठिकाण लिहावे. आणि हे सारे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवून ठेवावे, कारण त्या दिवशी गाडी चालवणारा स्वतः बोलण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.