खाज, इसब आणि दुकानातील ट्यूब

घरातील लहान मूल रात्री झोपेत अंग खाजवते, चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात, आणि 'उष्णता झाली' असे ठरवून त्याचे दूध व शेंगदाणे बंद केले जातात. चार दिवसांनी वडील औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणतात. खाज थांबते, पंधरवड्याने दुप्पट होऊन परतते. अनेक कुटुंबांत हे चक्र वर्षानुवर्षे चालते.

अशा मुलास पुष्कळदा इसब, म्हणजेच ॲटोपिक डर्माटायटिस, असतो. तान्ह्या बाळाच्या गालांवर, मोठ्या मुलाच्या कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत, प्रौढांच्या हातांवर व मानेवर तो प्रामुख्याने दिसतो. त्वचा कोरडी, खरखरीत असते; जुनी जागा जाड व काळपट होते. घरात कोणास दमा किंवा सततची सर्दी-शिंका असल्यास संशय बळावतो. इसब स्पर्शाने पसरत नाही. गजकर्ण मात्र पसरते. त्याचा डाग बहुधा गोल, कडेला उठावदार आणि मध्ये निवळलेला असतो. घरातील अनेकांना एकाच वेळी, विशेषतः रात्री, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली तर खरजेची शंका घ्यावी.

इसबाचे मूळ त्वचेच्या दुबळ्या आवरणात आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिले की अनेक रुग्णांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. आवरण गळके असल्याने ओलावा निघून जातो आणि साबण, धूळ, लोकर सहज आत त्रास देतात. म्हणूनच उपचाराचे मुद्दल रोजच्या मॉइश्चरायझरमध्ये आहे. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्यास 250 ग्रॅम किंवा अधिकही लागते. काटकसरीची जागा ही नव्हे. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान घालून अंग टिपताच, त्वचा ओलसर असतानाच ते लावावे. सुगंधी, महागडी बाटली घेण्याचे कारण नाही. साधी पेट्रोलियम जेलीही चालते.

दाह उसळल्यावर स्टेरॉइडचे मलम लागते. त्याला भिऊन अर्धवट सोडणे जितके चूक, तितकेच मनाने लावत राहणे घातक. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेले मलम, सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेस पुरते. किती तीव्रतेचे आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावे. चेहरा व जांघ येथे तीव्र स्टेरॉइडने त्वचा पातळ होते.

स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र केलेल्या ट्यूबा ही आपल्याकडची खरी डोकेदुखी. त्या गजकर्णावर लावल्या की खाज तात्पुरती शमते, बुरशी आत फोफावते आणि डागाचे रूप इतके बदलते की तज्ज्ञही क्षणभर थबकतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइडयुक्त मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. औषधविक्री हाच व्यवसाय असलेल्या कुटुंबांनी तरी शेजाऱ्याच्या भिडेखातर हा नियम मोडू नये.

तपासणीविना मुलाचे अन्न तोडू नये; त्याने वाढ खुंटते. डागांतून पू येणे, मधासारख्या खपल्या धरणे, किंवा तापासह फोड उठणे यांपैकी काही दिसल्यास थांबू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना घरातील जुन्या ट्यूबा सोबत न्याव्यात. मुलाच्या अंगावर आजवर काय लागले, हे त्यांवरून डॉक्टरांना कळते.