पत्ते तेच; जिमखान्यात ‘खेळ’, वस्तीत ‘जुगार’!



घाटकोपरच्या वस्तीत काम करताना एक दृश्य मी नेहमी पाहते. नाक्यावर चार पोरं मेंढीकोट खेळत असतात. पैसा नाही, पैज नाही. तरी पोलिसांची गाडी दिसली की पत्ते टाकून पळतात. त्याच वेळी जिमखान्याच्या एसी खोलीत चौघे ब्रिज खेळत असतात. ते मात्र ‘क्रीडापटू’!

दोन्ही खेळ एकाच घराण्यातले. ५२ पाने, प्रत्येकी १३, समोरासमोर भिडू, हुकूम आणि हात. मेंढीकोटात दश्श्या जिंकायच्या, ब्रिजमध्ये आधी बोली लावून तेवढे हात करून दाखवायचे. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला लागू होत नाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, तेव्हा तुलना ब्रिजशीच केली. मग बिनपैशाच्या मेंढीकोटावर संशय का? कारण प्रश्न पत्त्यांचा नाही, बसणाऱ्यांचा आहे.

आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज १९२५ साली अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने घडवला. तो इथे आला तेव्हा मुंबईचे जिमखाने धर्मावर आधीच वाटले गेले होते. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. ‘हिंदू’ म्हणवणाऱ्यांतही उतरंड होतीच. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर हिंदू संघाला सामने जिंकून देत, पण कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले धाकट्या भावाला, विठ्ठलला, तेही १९२३ मध्ये. आज दारावर जातीची पाटी नसते. जुन्या सदस्याची शिफारस आणि न परवडणारी फी तेच काम करतात. समाजशास्त्रात यांना सामाजिक आणि आर्थिक भांडवल म्हणतात.

गंमत म्हणजे मेरिटवाल्यांना खरे उत्तर ब्रिजच देतो. स्पर्धेतल्या ‘डुप्लिकेट’ ब्रिजमध्ये तीच पाने प्रत्येक टेबलावर फिरतात आणि त्याच पानांवर कोणी जास्त गुण मिळवले, हे मोजतात. नशिबाने हातात एक्के आले म्हणून कोणी हुशार ठरत नाही. क्लबात हा न्याय मान्य, मग प्रवेशपरीक्षेत का नाही? पिढ्यान्‌पिढ्या एक्के वाटून घेणारे दुर्री-तिर्री मिळालेल्याला गुणवत्ता विचारतात. आरक्षण म्हणजे पाने सारखी वाटण्याचा आग्रह, दुसरे काही नाही.

काही जण म्हणतील, बौद्धांनी पत्ते खेळावेत? तथागतांनी सिगालोवाद सुत्तात संपत्तीनाशाच्या सहा वाटांत जुगार गणला आहे, ते शिरोधार्यच. पण जिथे पैसा लागत नाही तिथे जुगार नाही, फक्त बुद्धी आणि भिडूवरचा विश्वास आहे.

२०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ६० वर्षांचे प्रणव बर्धन आणि ५६ वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सुवर्ण मिळवून दिले. त्यांच्या हातात होते फक्त पत्ते. मेंढीकोट येणाऱ्या आपल्या पोरांना इथवरची अर्धी वाट ठाऊकच आहे. म्हणून विहारातल्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ ब्रिज शिकवू या. पालिकेच्या क्रीडासंकुलात एक टेबल हक्काने मागू या. त्या टेबलावर आपली पोरं बसली की ‘मेरिट’ कोणाकडे आहे ते मोजायला आम्ही तयार आहोत. अट एकच, पाने सारखी वाटा!

नमो बुद्धाय, जय भीम!