मरणाऱ्यांच्या आड लपलेले सरकार

भुसावळचा मुकेश 2009 साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तोंडाच्या कर्करोगाने गेला. व्यसन गुटख्याचे. जाण्यापूर्वी तो कॅमेऱ्यासमोर बोलला आणि तो गेल्यावर सरकारने त्याला गावोगावच्या चित्रपटगृहांत उभे केले. पोरे त्याच्या नकला करू लागली, त्याच्या नावावर विनोद झाले. आम्ही पोरांना दोष देणार नाही. ज्या देशात क्रिकेटच्या सामन्यात मोठमोठे नट वेलचीच्या नावाखाली पान मसाल्याचे छाप मिरवतात, त्या देशात मुकेशचे मरण कोणी गांभीर्याने का घ्यावे?

मुकेशनंतर आली सुनीता. मध्य प्रदेशातल्या भिंडची, तंबाखूने जबडा गमावलेली, दोन लेकरांची आई. तिचा विद्रूप झालेला चेहरा पाहून भल्याभल्यांच्या हातातली पुडी थबकली असेल. रुग्णाच्या तोंडच्या कहाणीत ती ताकद असते, हे नाकारणारा करंटाच. पण सुनीता जाहिरातीपुरतीच बोलून थांबली नाही. तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापण्याचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायचा होता. तो पुढे ढकलला गेला. मृत्युशय्येवरून तिने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. नियम लागू व्हायच्या त्याच दिवशी, 1 एप्रिलला, ती गेली. नियम यायला आणखी एक वर्ष लागले.

गिऱ्हाइकाला घाबरवणारी सुनीता सरकारला हवी होती. सरकारला जाब विचारणारी सुनीता नको होती!

आणि नियम अडवला कोणी? भाजपचे अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी ज्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने. तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारे भारतीय संशोधन नाही, असे हे गृहस्थ म्हणाले. म्हणजे परळला टाटा कर्करोग रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर पथारी टाकून बसलेले नगर-बीडचे नातेवाईक यांना कधी दिसलेच नाहीत? याच समितीत अलाहाबादचे विडी कारखानदार खासदार श्यामाचरण गुप्ताही होते. कुंपणच शेत खाते म्हणतात, इथे तर कुंपणाचा मालकच शेतात उतरला होता. माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कर्करोगाने जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आबांना श्रद्धांजली वाहताना सगळ्या पक्षांचे कंठ दाटले होते. त्या कंठांतून गांधींच्या विधानाविरुद्ध किती आवाज निघाला?

महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटखाबंदी केली. तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे राज्य होते. पुढे जे जे आले त्यांनी बंदीची मुदत दरसाल वाढवली. आज कोणत्याही एस. टी. स्टँडसमोरच्या टपरीवर पुडी मागून पाहा. मसाल्याची वेगळी, तंबाखूची वेगळी. गिऱ्हाइकाने तळहातावर एकत्र करायची. विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा तर उघड घोटला जातो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये हा कायदा 2003 चा आहे. त्या अंतरात पोलीस चौकी असते, टपरीही असते. दोघांचे सूत कसे जुळते, हे आम्ही सांगायला नको.

वर दिल्लीचा नैतिक दिमाख पाहा. सरकारी आयुर्विमा महामंडळाचा आयटीसी या सिगारेट कंपनीत पंधरा टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे. एका हाताने लाभांश घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने मुकेशचा फोटो दाखवायचा, याला जनजागृती म्हणत नाहीत. याला निर्लज्जपणा म्हणतात.

जागृती जनतेला पुष्कळ झाली. मंत्र्यांनी आता जागे व्हावे. सिगारेटमधला सरकारी पैसा काढून घ्या. वेलचीच्या आडून चाललेल्या जाहिराती बंद करा. टपरीवाल्याला पकडून फोटो काढण्याऐवजी माल पुरवणाऱ्या गोदामाला टाळे ठोका आणि मालकाला कोर्टात उभे करा. हे होत नाही तोवर कोणत्याही पक्षाच्या सरकारला मुकेश आणि सुनीताचे चेहरे वापरण्याचा अधिकार नाही.