घोळीच्या डोक्यातला खडा

फराळाने तोंड आंबून गेले की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी मासळी यायची, हा वडिलांपासूनचा शिरस्ता. गेल्या वर्षी घोळीच्या डोक्याचे कालवण होते. पहिल्याच घासाला दाताखाली कटकन काही आले. “तांदूळ निवडताना जरा लक्ष...” एवढे मी बोललो मात्र, सौ.ने माझ्याकडे असे काही पाहिले, की पुढचे वाक्य मी कालवणाबरोबर गिळले.

हातावर काढून पाहतो तो चिंचोक्याएवढा पांढराशुभ्र खडा! पुतणी खो खो हसत म्हणाली, “काका, हा घोळीच्या कानातला खडा. तिची जन्मपत्रिकाच म्हणा ना!” आमची ही पुतणी मत्स्यशास्त्र शिकते.

माशाला कान असतो, हेच मला साठी उलटल्यावर कळत होते. तो बाहेरून दिसत नाही. कवटीच्या आत असतो. तोल सावरायला नि ऐकायला त्यातले खडे उपयोगी पडतात. घोळ, ढोमा या जातीत ते चांगलेच मोठे. मासा वाढतो तसे खड्यावर चुन्याचे थर चढत जातात आणि एकदा चढलेला थर पुन्हा झिजत नाही. थंड मुलखात हिवाळ्यात वाढ मंदावते, त्यामुळे झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलये उमटतात. आपला समुद्र बारमाही उबदार, तेव्हा ती वलये पुसट. पण १९७१ साली जॉर्जो पानेला या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की खड्यात रोजच्या रोज एकेक बारीक रेघही उमटते. खडा घासून पातळ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, की कोवळ्या माशाचे वय दिवसांत मोजता येते. आमच्या मातोश्रींची जन्मतारीख कुणाला धड सांगता येत नव्हती, आणि इथे ढोम्याची तिथी निघते!

मासा आपल्यासारखा विशीत वाढायचा थांबत नाही. जन्मभर थोडा थोडा वाढतच राहतो. आधी खाल्लेले सारे अंगाला लागते. वयात आला की त्यातला मोठा वाटा अंड्यांकडे जातो आणि अंगाची वाढ मंदावते. यातली मेख पुतणीने पुढे सांगितली. दुप्पट वजनाची मादी दुप्पट अंडी घालते असे नव्हे. बहुतेक जातींत ती त्याहून जास्तच घालते. म्हणजे थोराड मादी हीच खरी लेकुरवाळी. आणि आपण? मोठी मासळी मोठी म्हणून खातो, लहान स्वस्त म्हणून खातो, आणि गाभोळी आवडते म्हणून खातो. शेवटचा गुन्हेगार मीच.

चार दिवसांनी बाजारात गेलो. आमच्या नेहमीच्या कोळीणबाईंनी पापलेटचा वाटा लावला होता. आठ नग, तळहाताएवढेसुद्धा नाहीत. भावही बेताचा. एरवी मी पिशवी पुढे केली असती. पण २०२३ साली महाराष्ट्राने याच पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीला किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर. पुतणीच्या मते हीसुद्धा अगदी कमीत कमी. बहुतेक मादीला अंडी धरायला याहून पुष्कळ मोठे व्हावे लागते.

“मावशी, ही तर पिल्ले. यांना अजून अंडीसुद्धा झाली नाहीत,” मी म्हणालो.

“मग काय करू, काका? जाळ्यातून मेलेला आला तो परत समुद्रात सोडला तर पोहेल काय?”

यावर मला उत्तर सुचले नाही. तिचे खरेच होते. डोलीच्या बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लू शिरले, की निवड तिथेच संपते. पावसाळ्यात जून-जुलै मासेमारी बंद ठेवतात ती माशांना विणीला उसंत मिळावी म्हणूनही; पण जन्मलेली पिल्ले नंतर त्याच जाळ्यात सापडली तर त्या उसंतीचे चीज काय? आस मोठा केला तर पहिला तोटा नाखव्याचा, आणि माझ्यासारखा घासाघीस करणारा गिऱ्हाईक तो भरून द्यायला थोडाच जातो?

अखेर मी मोठा सरंगा मागितला. पाटीच्या तळातून एक निघाला. भाव ऐकून पोटात गोळा आला, पण घेतला. सहा माणसांत एक! घरी नातवाने विचारले, “आजोबा, एकच?”

त्याला काय सांगावे या विचारात मी होतो. मी पायरी उतरायच्या आतच माझ्यामागच्या गृहस्थांनी ते आठही नग पिशवीत घातले होते, हे मात्र घरी कुणाला सांगितले नाही.