पानगळ आणि डोळ्यांची आग

मागील पंधरवड्यात सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक सुनेसमवेत दवाखान्यात आले. डोळे लाल, घशात खवखव. गुडघेदुखीसाठी तरणतलावात चालण्याचा सल्ला मीच दिला होता. छातीइतक्या पाण्यात गुडघ्यांवरील भार निम्म्याहून कमी होतो. "औषध लय टाकतात जी तिथं," म्हणत त्यांनी तलाव सोडल्याचे सांगितले.

"पाण्यात पाने असतात का?" मी विचारले. "कडुनिंबाची नुसती पखरण असते," सून म्हणाली.

उग्र वास म्हणजे क्लोरिन भरपूर, ही समजूत बहुधा उलटी ठरते. घाम व लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते; वास त्याचा, आगही त्याचीच. भिजलेली पाने, धूळ, किडे यांच्यावर क्लोरिन खर्ची पडते आणि जंतूंसाठी फारसे उरत नाही. आपल्या वऱ्हाडात फाल्गुन-चैत्रात कडुनिंब पाने गाळतो, पुढे वावटळी कचरा आणतात, आणि अकोल्याचे ऊन तर पाण्यातील क्लोरिन पाहता पाहता उडवते. १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा वारसा सांगणाऱ्या अमरावतीत व्यायामाचे महत्त्व कुणाला पटवावे लागत नाही. पाण्याच्या निगेचे मात्र अजून पटवावे लागते.

तरंगती पाने पहिला माणूस उतरण्यापूर्वीच लांब दांड्याच्या जाळीने काढावीत. एकदा ती तळाशी बसली की काम दुप्पट होते. कडेच्या जाळीच्या टोपल्या रोज रिकाम्या व्हाव्यात. मोकळे क्लोरिन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. ही नोंद फलकावर नसेल तर व्यवस्थापकांना विचारावी. त्यात संकोच कसला?

मधुमेहींनी विशेष जपावे. बधिर तळव्याला पायरीवरचे ओले पान कळत नाही, घसरल्यावरच कळते. पायरीपर्यंत रबरी चपला घालाव्यात, उतरताना कठडा धरावा आणि बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

गुरुजी आता सकाळी सहाला जातात, जाळी फिरून झाल्यावर. सून आधी काठावर उभी राहते. तळाच्या फरशीच्या रेषा स्पष्ट दिसल्या, तरच मान हलवते. दिसल्या नाहीत त्या दिवशी दोघे मैदानाला एक फेरी मारून परततात, आणि गुरुजी वाटभर कुरकुरतात.