नियम एक, न्याय दोन

पुण्याच्या मैदानावर बाळू पालवणकरांची गोलंदाजी हिंदू संघाला चालत असे. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी कर्णधारपद त्यांना नाकारले गेले.

अमेरिकेतील फुटबॉल पाहा. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला नियमांचे संरक्षण आहे. तो धावू लागला की ते बरेचसे सरते. २०१६ च्या डेन्व्हर येथील सामन्यात कृष्णवर्णी कॅम न्यूटनच्या डोक्यावर चेंडू फेकतानाही आघात झाले. पंचांनी एकदाच दंड पुकारला, तोही निष्फळ ठरला. पुढे त्याच वर्षी, मैदानावर आपण सुरक्षित नाही, असे न्यूटनने उघड सांगितले.

तो धिप्पाड आहे, सोसेल, असे म्हणणाऱ्यांना विचारा : बलवानाचे डोके फुटत नाही काय? कागदावरील समता पुरेशी नाही. ती राबविणारी दृष्टीही सम हवी. मुलांना खेळ शिकवा, आणि पंचाला जाब विचारणेही शिकवा.