पाड्यावरचा कुत्रा कोणाचा?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुत्र्याच्या गळ्यात पट्टा क्वचितच दिसतो. तरी तो कोणाचा हे अख्ख्या पाड्याला ठाऊक असतं. दिवसा वाटेवर लोळायचं, रात्री कोंबड्या राखायच्या आणि बिबट्याची चाहूल लागली की अंगणातूनच कालवा करायचा, ही त्याची चाकरी. आता कायदा काय म्हणतो? 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची लस, जंतनाशक औषध आणि नसबंदी मालकाने करायची. रस्त्यावरच्या कुत्र्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची. हे दोन खण शहरात ठीक बसतात, पण मालक असूनही मोकळा फिरणारा हा गडी कोणत्या खणात घालायचा? चावला की मात्र सगळे हात झटकतात, ‘आमचा नव्हे तो!’ मग ज्याला चावला त्याने त्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, सात दिवसांनी अशा इंजेक्शनांच्या खेपा घालायच्या, म्हणजे तितकी एसटी आणि तितकी बुडालेली मजुरी. त्यात 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं इथून मोकाट कुत्रे उचला, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा तिथे सोडू नका, असा आदेश दिला. आश्रमशाळेच्या खरकट्यावर जगणाऱ्या कुत्र्यांपासून पोरांना जपायलाच हवं, त्यात वाद नाही. पण निवारे बांधायला पैसा आणि डॉक्टर लागतात. त्याआधी पशुवैद्यकाने आठवडे बाजाराच्या दिवशी रेबीजची लस घेऊन बसावं. मालक दोरी बांधून कुत्रा आणतील.